एमस येलंडचं पातेलं

जकातनाक्यापुढचा चढ संपला तेव्हा टॅमसिन दगडी कुंपणाला टेकून थांबली. एमस मागून येत होता. पाठीला दोरीने बांधलेलं बिडाचं पातेलं, त्यामुळे लांबून तो मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या कासवासारखा दिसत होता. रस्त्यावरचा तांबडा चिखल रात्रीच्या गारठ्याने दगडासारखा झाला होता आणि चाकोऱ्यांमध्ये पाय मुरगळायची भीती होती, म्हणून तो खाली बघत, एकेक पाऊल जोखून टाकत होता.

“भावजी, तो नाकेदार मला विचारत होता, नवऱ्याला भांडी विकायला काढलंय का म्हणून.”

“मग काय सांगितलंत?”

“सांगितलं, नवरा कधीच देवाघरी गेला. हा त्याचा धाकटा भाऊ. ह्याच्या डोक्यात जे होतं ते आता पाठीवर उतरलंय.”

एमस हसला. हसला की त्याच्या डाव्या भुवईवरचा जुना व्रण आत दुमडायचा. पिंपाचं लोखंडी कडं उसळून लागलं होतं, प्लिमथच्या गोदीत, तरुणपणी. “पातेलं आहे म्हणून मागून वारा लागत नाही, वहिनी. तुम्हाला हवंय का थोडा वेळ?”

“मला अजून शरम आहे.”

एक्सेटरच्या कॅथेड्रलचे दोन बुरूज आता धुक्यातून वर आले होते. अजून बरंच चालायचं होतं. घोडागाडीने जायची गोष्टच नव्हती, आणि असती तरी ह्या माणसाला ते पातेलं मांडीवर घेऊन बसू दिलं असतं का कुणी, ह्याची टॅमसिनला शंका होती. ती सोबत निघाली ती एवढ्यासाठीच, की एमस मोठ्या माणसापुढे उभा राहिला की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतो, मग त्याच्या घोड्यांची, आणि ज्या कामासाठी गेला ते राहूनच जातं.

काम एकच होतं. टॅडबरी गावात सिल्व्हर गल्लीच्या टोकाला ॲव्हरिलसाहेबांची तीन छोटी घरं होती. त्यांतलं मधलं नाताळापासून रिकामं होतं. त्या घराला चूल होती, चुलीला धुराडं होतं, आणि एमसला ते हवं होतं.

टॅडबरीत घर मिळणं म्हणजे नुसतं छप्पर मिळणं नव्हतं. पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क तिथे जमिनीवर नव्हता, घराण्यावर नव्हता, चुलीवर होता. ज्या पुरुषाचं स्वतःचं दार, स्वतःची चूल, आणि त्या चुलीवर स्वतःचं पातेलं उकळतंय, तो मतदार. सहा महिने तरी ती चूल पेटती हवी. ज्याने धर्मादाय अन्न खाल्लं त्याचं नाव गेलं. जो दुसऱ्याच्या चुलीवरचं खातो तो पाहुणा, आणि पाहुण्याला मत नाही. निवडणुकीच्या आदल्या दिवशी सगळे मतदार आपापल्या दारापुढे रस्त्यावर विस्तव करत आणि चारचौघांदेखत पातेली चढवत, म्हणजे नंतर कुणी शंका घ्यायला नको. आसपासची गावं त्यांना पातेलेवाले म्हणून हसायची. हसोत. एक्सेटरच्या कित्येक सुखवस्तू दुकानदारांना जे नव्हतं ते टॅडबरीच्या गवंड्याला होतं.

आणि मायकलमासपासून, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणापासून, एमस वहिनीच्या सरपणाच्या खोपीत माळ्यावर झोपत होता आणि वहिनीच्या चुलीवरचं खात होता. म्हणजे पाहुणा होता.

“दोन घास खाऊन घ्या,” टॅमसिन म्हणाली. तिने फडक्यातून पाव आणि चीज काढलं. एमसने पातेलं उतरवून गवतावर ठेवलं, अगदी पाळण्यातलं मूल ठेवावं तसं, आणि त्याच्या शेजारी बसला.

तो पिंपं करायचा. डेव्हनमध्ये सफरचंदाच्या दारूला पिंपं लागतात, त्यामुळे चांगल्या कारागिराला मरण नाही असं त्याचा बाप म्हणायचा. फ्रेंचांशी चाललेल्या लढाईच्या वर्षांत तो प्लिमथला आरमाराच्या गोदीत पाण्याची पिंपं करायला गेला. तिथे त्याच्या शेजारच्या ठोकळ्यावर कॉर्नी डॉलन नावाचा आयरिश माणूस काम करायचा. कॅथलिक. एमसने तोवर कॅथलिक माणूस पाहिला नव्हता. टॅडबरीच्या मुलांना कॅथलिक म्हणजे काय ते फक्त नोव्हेंबरातल्या होळीवर जाळायच्या बाहुल्यावरून माहीत. कॉर्नी हसरा होता, गाणारा होता, आणि एमसपेक्षा घट्ट पिंप बांधायचा. “तुझ्या राजाचं पाणी मी सांभाळतो,” तो म्हणायचा, “पण ते कुठल्या गाढवाला पाजायचं हे ठरवायला मात्र मला विचारत नाहीत.” पुढे कॉर्नी जहाजावर पिंपवाला म्हणून गेला आणि परत आला नाही. राजासाठी मेला. त्याच्या भावांना, मुलांना, पुतण्यांना पार्लमेंटचं दार बंद ते बंदच.

एमस टॅडबरीला परतला तेव्हा मनात ही एक गोष्ट घेऊन परतला. पण तो आरडाओरडा करणारा नव्हता. चर्चला जायचा, राजाचं भलं चिंतायचा, दगडफेक करणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. त्याचं म्हणणं साधं होतं. पिंपाची फळी सरळ असते, ती वाकवायची असते. कोरडी वाकवाल तर मोडेल. मुळीच वाकवणार नाही म्हणाल तर पिंपच होणार नाही. तिला ओली करायची, आतून विस्तव दाखवायचा, आणि हळूहळू कडी खाली ठोकत आणायची. देशाचंही तसंच करावं.

ह्या बोलण्याने त्याला दोन्हीकडून मार बसायचा. कातडी कमावणारा जॉब हेक्स्ट, त्याला सगळंच एका दिवसात उलटंपालटं करायचं होतं. तो दारूच्या गुत्त्यात म्हणायचा, “आला बघा ओला लाकूडवाला. अरे एमस, तुझी फळी वाकेपर्यंत आमची हाडं वाकली.” आणि जमीनदार सर ह्यूबर्ट ब्रॅगडन यांची माणसं त्याला पोपचा जावई म्हणायची. सर ह्यूबर्ट जुन्या वळणाचे. त्यांच्या मते फळी वाकवायची नाही, विस्तव करायचा नाही, आणि एमस राहत होता ते घर सर ह्यूबर्टचं होतं.

मग लंडनमध्ये सर ह्यूबर्टच्याच जुन्या पक्षाच्या पोटात काही माणसं वेगळं बोलू लागली. राजा हवा, चर्च हवं, पण कॅथलिकांना दार उघडा, धान्यावरची बंधनं सैल करा, जग बदलतंय ते बघा. कॅनिंगसाहेब त्यांचे पुढारी, म्हणून त्यांना कॅनिंगवाले म्हणत. एमसने हे ऐकलं तेव्हा तो दोन दिवस कामात शीळ घालत होता. त्याला वाटलं, आपण एकटे नाही. आपल्यासारखा विचार करणारी माणसं चांगल्या कोटातही असतात.

अठराशे सव्वीस सालच्या निवडणुकीला टॅडबरीत त्यांच्यातलेच ॲव्हरिलसाहेब पिवळी फीत लावून उभे राहिले. समोर सर ह्यूबर्टचा निळ्या फितीचा माणूस. सर ह्यूबर्टनी आपल्या प्रत्येक भाडेकरूला बोलावून तोंडावर सांगितलं, पिवळ्याला मत दिलंत तर घर सोडा. मत लपून द्यायची सोय नव्हती. चौकातल्या मांडवावर चढायचं, नाव पुकारलं की मोठ्याने सांगायचं कुणाला, आणि सगळा गाव ऐकणार.

आदल्या दिवशी पातेली चढली. एमसच्या पातेल्यात वाटाण्याचं कढण होतं, खारवलेल्या डुकराचा तुकडा घालून. केलं होतं टॅमसिनने. ॲव्हरिलसाहेब दारोदार फिरत आले. पांढरी विजार, गालांवर लाली, हात हातात घेऊन बोलायची सवय. एमसने त्यांना आपली फळीची गोष्ट सांगितली आणि ते खरंच थांबून ऐकत राहिले. मग गुडघे टेकून रस्त्यातल्या दगडांवरच बसले, पावाचा तुकडा मोडला, एमसच्या पातेल्यात बुडवला आणि खाल्ला. जीभ भाजली, तरी हसत गिळला.

“येलंड,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी ह्या पातेल्यातलं खाल्लंय. मी पार्लमेंटात आहे तोवर ह्या पातेल्याला चूल मिळेल. सर ह्यूबर्टनी घेतली तर मी देईन.”

संध्याकाळी त्यांनी चौकात भाषण केलं त्यात ओल्या फळीची गोष्ट होती. एमस गर्दीत उभा होता. त्याने शेजारच्याला काही सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याने मांडवावर चढून ॲव्हरिलसाहेबांचं नाव घेतलं. त्याचं बघून आणखी बऱ्याच जणांनी घेतलं, आणि ॲव्हरिलसाहेब निवडून आले.

सर ह्यूबर्टनी लगेच काही केलं नाही. वारं कुठे वाहतंय ते ते पाहत होते. पुढच्या वसंतात कॅनिंगसाहेब पंतप्रधान झाले तेव्हा तर एमसच्या घराची गळकी कौलंसुद्धा सर ह्यूबर्टच्या माणसाने येऊन बदलून दिली. पण ऑगस्टात कॅनिंगसाहेब वारले. मायकलमासला सर ह्यूबर्टचा माणूस पुन्हा आला, ह्या वेळी कुलूप घेऊन. पिंपांचं कामही त्यांच्या बागांमधून यायचं, ते बंद झालं. एमसने अवजारं आणि पातेलं हातगाडीवर घातलं आणि वहिनीच्या दारात येऊन उभा राहिला.

टॅमसिनचं घर कॅथेड्रलच्या मालकीचं, तीन जिवांच्या पट्ट्यावर घेतलेलं. तीन माणसांची नावं घालायची आणि त्यांतला शेवटचा मरेपर्यंत घर आपलं. सासरे गेले, नवरा गेला, तिसरा जीव तिचा होता. ती जिवंत होती तोवर तिला कुणी हलवू शकत नव्हतं. ती उशीवर टाचण्या रोवून लेस विणायची आणि त्यावर पोट भरायची, तिची स्वतःची चूल होती, स्वतःचं पातेलं होतं. पण बाईच्या पातेल्याला टॅडबरीत कुणी मोजत नव्हतं.

“आणि नाही म्हणाले तर?” पाव संपल्यावर तिने विचारलं.

“कोण? ॲव्हरिलसाहेब?” एमसने तिच्याकडे असं पाहिलं जणू ती म्हणाली होती की उद्या सूर्य उगवला नाही तर. “वहिनी, त्यांनी खाल्लंय ह्यातलं. त्यांचा कारभारी म्हणाला ना, साहेब आले की बघू. आता आलेत. मंत्रिमंडळात जागा मिळाली की गावातून पुन्हा निवडून यावं लागतं, तसं यायचंय त्यांना. म्हणजे पातेलेवाल्यांची गरज आहे. सर ह्यूबर्ट पुन्हा माणूस उभा करतील.”

“मंत्रिमंडळ तर नव्या पंतप्रधानांचं, ड्यूकचं आहे. आणि ड्यूक सर ह्यूबर्टच्या वळणाचे.”

“म्हणून तर आपली माणसं आत हवीत. आत राहून ओलं करायचं.”

टॅमसिनने मनात एक छोटी प्रार्थना केली, ती नेहमी करायची तशी, शब्द न जुळवता. तिला एमससाठी घर हवं होतं. खरं सांगायचं तर तिला स्वतःसाठीही हवं होतं. चार महिने दोन तोंडं एका लेसच्या उशीवर चालली होती.

ॲव्हरिलसाहेब उतरले होते त्या एक्सेटरच्या मोठ्या खाणावळीत दुपारची जेवणं चालली होती. नोकराने पातेल्याकडे पाहून त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितलं. एमस म्हणाला, आम्ही भांडी घासायला आलो नाही, ॲव्हरिलसाहेबांकडे टॅडबरीची माणसं आली आहेत असं सांगा. नोकराने त्यांना जिन्याखालच्या बोळात उभं केलं. आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता आणि पुरुषांचं जेवून झाल्यावरचं हसू.

ॲव्हरिलसाहेब आले ते रुमालाने ओठ टिपत. थोडे जाड झाले होते. एमसकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला ओळख म्हणता आलं नसतं. मग त्यांची नजर पातेल्यावर गेली.

“अरे, हे तेच!” ते म्हणाले. “मी ह्यात जीभ भाजून घेतली होती. ह्यूबर्ट, इकडे या जरा. तुम्हाला सांगत होतो ना?”

आणि आतून हातात पेला घेऊन सर ह्यूबर्ट ब्रॅगडन बाहेर आले.

टॅमसिनने एमसच्या बाहीला धरलं. तो पडणार वगैरे नव्हता. पण तिला धरावंसं वाटलं.

“साहेब, तब्येत बरी आहे ना?” एमस म्हणाला.

“उत्तम. तुम्ही… येलंड, बरोबर? पिंपवाले. काय काम काढलंत?”

एमस घोड्यांकडे वळायच्या आत टॅमसिन बोलली. “सिल्व्हर गल्लीतलं मधलं घर, साहेब. तुम्ही गावासमोर शब्द दिला होतात. मायकलमासपासून ह्यांना चूल नाही.”

ॲव्हरिलसाहेबांनी सर ह्यूबर्टकडे पाहिलं आणि सर ह्यूबर्टनी पेल्याकडे. “त्याचं असं आहे, बाई,” ॲव्हरिलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी एमसचा हात हातात घेतला, तेव्हासारखाच. “आता आपण सगळे एका सरकारात आहोत. ह्या वेळी टॅडबरीत लढत होणार नाही. सर ह्यूबर्टनी मोठ्या मनाने माणूस उभा करायचा नाही असं ठरवलंय. आणि ते घर त्यांच्या गाडीवानाला दिलं आहे. ज्याला त्यांनी बाहेर काढलं त्यालाच मी आत घेतलं तर ते कसं दिसेल? तुम्हीच सांगा.”

“आणि कॅथलिकांचं?” एमसने विचारलं. घराचं सोडून त्याने हे विचारलं. टॅमसिनला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

“यंदा तो विषय ताणायचा नाही असं ठरलंय. पुढे बघू. येलंड, तुम्हाला मी काय समजावणार? तुम्हीच मला शिकवलंत. कोरडी फळी वाकवली तर मोडते. ओली करायची, विस्तव दाखवायचा, हळूहळू. थांबायला शिकलं पाहिजे आपण.”

एमसचा हात अजून त्यांच्या हातात होता. तो त्याने काढून घेतला नाही, पण त्यातला जीव गेल्यासारखा तो तिथे नुसता राहिला.

“तुमच्यासाठी मी काहीतरी केलंच पाहिजे,” ॲव्हरिलसाहेब पुढे म्हणाले. “गावच्या धर्मादाय घरात एक जागा आहे. मी शब्द टाकतो. ऊब आहे, सामाईक चूल आहे, दोन वेळचं जेवण आहे. ह्या वयात आणखी काय लागतं?”

ते प्रेमाने म्हणाले, हे टॅमसिनला नंतरही कबूल करावं लागलं. पण धर्माचं खाल्लं की नाव जातं, हे टॅडबरीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि टॅडबरीचा खासदार ते विसरला असेल हे तिला पटेना.

सर ह्यूबर्टनी घसा साफ केला. “येलंड, मी तुला काय सांगितलं होतं?”

“पिवळी फीत लावलीस तर घर जाईल, असं.”

“लावलीस?”

“लावली.”

“गेलं?”

“गेलं, साहेब.”

“मग तुझं माझं काही राहिलेलं नाही.” ते म्हणाले आणि आत गेले. टॅमसिनला त्या माणसाचा आयुष्यभर राग होता. त्या क्षणी मात्र तिला दिसलं की त्या बोळात एमसशी सरळ बोलला तो हाच.

ॲव्हरिलसाहेबांनी नोकराला सांगून थाळीभर मांस आणि पाव पाठवला आणि तेही आत गेले. एमसने थाळीला हात लावला नाही.

“खा,” टॅमसिन म्हणाली.

“नको.”

“रुसवा तुमचा आहे, माझा नाही. मला घरापर्यंत चालायचंय.” तिने मांस फडक्यात बांधलं. नोकर बघत होता. बघू दे.

परतीच्या वाटेवर पातेलं तिने घेतलं. त्याने दिलं, हीच गोष्ट तिला जड वाटली, बिडाचं वजन त्यानंतर. चढाच्या माथ्यावर, सकाळी बसले होते तिथे, तिने फडकं सोडलं. तिला ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची गोष्ट आठवली, दरवर्षी ईस्टरआधी चर्चमध्ये वाचतात ती, ज्यात त्याच्याच ताटात घास बुडवणारा त्याला धरून द्यायला उठून बाहेर जातो. ती एमसला सांगणार होती, मग राहू दिलं. ती तुलना करण्याइतका ॲव्हरिल मोठा नव्हता, आणि एमसला ती आधीच आठवली असणार.

“धर्मादाय घरात जायला हरकत नाही, भावजी,” ती शेवटी म्हणाली. “मी रागावून नाही म्हणत. तिथे ऊब आहे. मी रविवारी येत जाईन.”

एमस खाली दिसणाऱ्या टॅडबरीच्या धुराड्यांकडे बघत होता.

“ती गोष्ट माझी होती, वहिनी,” तो म्हणाला. “फळीची.”

“माहीत आहे मला.”

“घर दिलं नसतं तरी चाललं असतं. ती गोष्ट त्यांनी परत द्यायला नको होती मला.”

मंगळवारी चौकात मांडव घातला. कुणी पातेली बाहेर काढली नाहीत, कारण मतं घ्यायचीच नव्हती. पिवळ्या आणि निळ्या फिती एकत्र विणून खांबांना गुंडाळल्या होत्या. निवडणूक अधिकाऱ्याने विचारलं, आणखी कुणाचं नाव सुचवायचं आहे का. कावळे ओरडत होते तेवढंच. ॲव्हरिलसाहेब निवडून आले असं त्याने जाहीर केलं. मग ॲव्हरिलसाहेबांनी भाषण केलं, शेजारी सर ह्यूबर्ट बसले होते. ओल्या फळीची गोष्ट त्यात होती. आता ती थांबण्याबद्दलची गोष्ट झाली होती, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

एमस गर्दीच्या कडेला उभा होता. जॉब हेक्स्ट त्याच्या शेजारीच होता. टॅमसिन वाट बघत होती की आता हा तोंड सोडणार. पण जॉबने नुसता एमसच्या खांद्यावर हात ठेवला, आणि टॅमसिनला दिसलं की एवढ्या दिवसांत एमसला सगळ्यांत जास्त लागलं असेल तर हे. ज्याच्याशी वीस वर्षं वाद घातला त्याने कीव करावी.

ॲव्हरिलसाहेबांना सजवलेल्या खुर्चीत बसवून माणसांनी खांद्यावर घेतलं आणि गावभर मिरवलं. सिल्व्हर गल्लीच्या टोकाच्या मधल्या घरातून धूर येत होता. गाडीवानाची बायको दारात उभी राहून रुमाल हलवत होती. तिचा काय दोष.

संध्याकाळी टॅमसिनने चुलीवर कांद्याचं कढण केलं. एमस नेहमीच्या जागी, भिंतीकडच्या बाकावर येऊन बसला. त्याचं पातेलं कोपऱ्यात पालथं होतं. तिने डाव घेतला, त्याच्या वाडग्याकडे नेला, आणि त्याने वाडग्यावर हात पालथा ठेवला.

“भूक नाही?”

“आहे.”

“मग?”

“सरपणाची खोपी तुम्हाला लागते का, वहिनी?”

“सरपण ठेवायला लागते. का?”

“तिला रस्त्याच्या बाजूने दार पाडता येईल. पलीकडच्या कुंपणाशी पडलेल्या विटा आहेत. चूल मी रचीन. धुराडं मात्र नीट करावं लागेल, नाहीतर तुमच्या खोलीत धूर येईल.”

टॅमसिनने डाव परत पातेल्यात ठेवला. “पुन्हा त्याच माणसाला मत द्यायला चूल बांधायची?”

“नाही.” एमसने भुवईवरचा व्रण अंगठ्याने चोळला. “पुढच्या खेपेला कधीतरी लढत होईल. कुणीतरी भांडेलच त्यांच्यातलं, ते काही फार दिवस एकत्र जेवणार नाहीत. मग मांडव घालतील, माझं नाव पुकारतील. मी वर चढीन, आणि ॲव्हरिलसाहेबांच्या तोंडावर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, नाही म्हणेन. नाही म्हणायलाही चूल लागते इथे. चूल नसलेल्याच्या नाहीला कुणी विचारत नाही.”

“आणि कॉर्नीच्या लोकांचं?”

“ते दुसरा कुणी करील. माझ्या हातून एवढंच होईल आता.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस कुणाला मोठ्याने नाही म्हणू शकेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने खोपीचा विचार केला, सरपण पावसात कुठे ठेवायचं त्याचा, शेजारच्या धुराने लेसवर बसणाऱ्या काजळीचा.

“घ्या खोपी,” ती म्हणाली. “आता वाडगा पुढे करा.”

एमसने हात काढला नाही.

“वहिनी, अजून एक मागायचंय. आजपासून मला वाढू नका. तुमच्या चुलीवरचा एक घासही नको, चाखायलासुद्धा नको. उद्या कुणी मला पाहुणा म्हणून बोट दाखवायला नको. माझी चूल पेटायला किती दिवस लागतील माहीत नाही, मी कोरडा पाव खाईन, पाणी पिईन. पण मी ह्या दारात येऊन उभा राहिलो, उपाशी दिसलो, अगदी मागितलं, तरी वाढू नका.”